मागची लाट रिकामी आहे

गोव्याला निघालेला डोंबिवलीकर पहिले चार तास घराभोवतीच फिरत असतो. मुंबईहून सुटणाऱ्या कोकणच्या गाड्या डोंबिवलीपर्यंत येतच नाहीत. दिव्याला उजवीकडे वळून त्या पनवेलचा रस्ता धरतात. दिवा डोंबिवलीपासून दुसरं स्टेशन. पण तिथे या गाड्यांना थांबण्यात काडीचा रस नसतो. म्हणून रात्रीची जेवणं उरकून, गॅस दोनदा तपासून, सगळ्या बॅगा उचलून लोकलने कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाण्याला उतरायचं. प्लॅटफॉर्मवर बॅगांचं रिंगण करून मध्ये सासूबाईंना बसवायचं. मग मध्यरात्रीच्या सुमारास कोकणकन्या आली की तिच्यात चढून पारसिकच्या बोगद्यातून पुन्हा दिव्यालाच यायचं. डावीकडच्या खिडकीतून लांबवर दिवे दिसतात, ते आपल्या गावाचे. तिथे आपली गादी रिकामी असते आणि आपण अप्पर बर्थवर चपला कुठे ठेवाव्यात या विवंचनेत असतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं सर्फिंग पॅरिसपासून पंधरा हजारांहून जास्त किलोमीटरवर, ताहिती बेटावर झालं, तेव्हा जगभर लोकांनी तोंडात बोटं घातली. डोंबिवलीत कोणाला विशेष काही वाटलं नाही. कुठे जायचंय आणि कुठून जावं लागतं, यांचा एकमेकांशी संबंध नसतो हे आम्ही लहानपणीच शिकलेलो असतो.

ताहिती मध्येच आली, कारण या सहलीचं मूळ सर्फिंगमध्ये होतं. आमचे चिरंजीव कॉलेजात आहेत. मोबाइलवर लाटांवर उभ्या राहिलेल्या माणसांच्या चित्रफिती बघून त्यांनी जाहीर केलं की यंदा सर्फिंग. आमच्या घरात सहलीचा निर्णय एका घरात होत नाही. धाकटा मेहुणा ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो, साडूभाऊ कल्याणला, आम्ही मध्ये डोंबिवलीत, आणि सासूबाई चार-चार महिने तिघांकडे फिरतीवर. म्हणजे जाईल तिथे शिखर परिषदच जाते. तारखा ठरल्या, तिकिटं निघाली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या चिरंजीवांनी ऐन वेळी 'सबमिशन' काढलं. उरलो आम्ही. सगळ्यांत तरुण माणूस मेहुणा, आणि त्याला सुद्धा उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो.

"रद्द करू या का?" मी म्हणालो.

"तिकिटाचे पैसे कापले जातील," सौ. म्हणाली. मराठी माणसाने आजवर जी जी साहसं केली, त्यांतली निम्मी तरी याच वाक्यावर केली असावीत.

कुठे जायचं यावर आधी बराच काथ्याकूट झाला होता. मेहुण्याचा अभ्यास दांडगा. त्याने मुळकीचं नाव काढलं. कर्नाटकातल्या या गावी २००४ साली एका वैष्णव आश्रमाने सर्फिंगचा क्लब काढला. सकाळी भजन, मग लाटा. भारतातल्या सर्फिंगची सुरुवात सांगताना त्या आश्रमाचं नाव घ्यावंच लागतं. "स्वामी लोक करतात म्हणजे वाईट नसणार," सासूबाईंनी तिथल्या तिथे मान्यता दिली. पण साडूभाऊंनी वेगळाच मुद्दा काढला : आश्रम म्हणजे शाकाहार. समुद्रावर जाऊन वरणभात खायचा? मुळकीवरून जाणारी गाडी आहे मत्स्यगंधा एक्स्प्रेस, आणि उतरल्यावर मत्स्य नाही नि गंधही नाही, हे त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून मग गोवा. त्यातही पेडणे तालुक्यातलं हरमल, ज्याला पाट्यांवर अरंबोल म्हणतात. तिथे सर्फिंग शिकवतात, मराठी चालतं आणि मासे मिळतात. या तिसऱ्या मुद्द्यावर ठराव एकमताने मंजूर झाला.

तिकिटांची खिडकी साठ दिवस आधी सकाळी आठला उघडते. तीन घरांत तीन मोबाइल घेऊन आम्ही बसलो. जातानाची मिळाली. येतानाची आठ वाजून काही सेकंदांनी वेटिंगवर गेली. शिवाय एका तिकिटावर सहाच माणसं घेतात आणि चिरंजीव धरून आम्ही आठ. सहाजणांचं एक तिकीट निघालं. उरलेल्या दोघांचं वेगळं काढलं. चिरंजीवांच्या जोडीला कोण, यावर चर्चा झाली नाही. मी चहा ठेवायला आत गेलो होतो.

आता मासे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायचं धैर्य होणार नाही. आम्ही पोचलो तो मार्गशीर्षातला गुरुवार. सौ. आणि मेव्हणी दोघींचा उपवास, आणि घरातल्या बायका उपाशी असताना समोर बसून सुरमई तोडायची म्हणजे परतीचा प्रवास एकट्याने करायची तयारी हवी. शुक्रवारी एकादशी. शनिवारी साडूभाऊंचा मारुती. शिवाय मेहुण्याच्या बायकोने माशाची तुकडी पुढे आल्यावर एकदाच फक्त "भावोजींना चालत नाही आणि आपण कसं..." एवढं म्हटलं. झालं. आश्रमात मासे मिळणार नाहीत म्हणून गोव्याला आलेली मंडळी तीन दिवस साबुदाण्याची खिचडी, घरून आणलेल्या दशम्या आणि पनीर टिक्का यांवर राहिली. सासूबाई तेवढ्या शनिवारी मोकळ्या होत्या. त्या मूळच्या शिरोड्याच्या, म्हणजे तेरेखोलच्या खाडीपलीकडच्याच. त्यांनी शॅकमधल्या पोराला ठणकावून सांगितलं, "हुम्मण आण." त्या पोराचं गाव हिमालयाच्या पायथ्याशी कुठेतरी. त्याने मान डोलावली आणि एका वाटीत तेल घातलेलं काबुली चण्याचं पिठलं आणून ठेवलं.

"हे काय?"

"हम्मस, आण्टी. आपने बोला ना?"

हरमलला इस्रायली आणि रशियन पाहुणे इतकी वर्षं येताहेत की मेन्यूत हम्मस, शकशुका, बोर्श्ट सगळं असतं. माशाची कढी तळाशी, बारीक अक्षरात. सासूबाईंनी बोटाने चव घेतली. "मीठ बरं आहे," म्हणाल्या, आणि दशमीला लावून संपवलं.

हरमलची मंडळी फार शांत. म्हणजे पाहुणे मंडळी. विशी-पंचविशीतले परदेशी तरुण-तरुणी वाळूत मांडी घालून समुद्राकडे बघत बसतात, ते दुपारी बघितलं तरी तिथेच आणि संध्याकाळी बघितलं तरी तिथेच. काहीही न करणं इतक्या एकाग्रतेने करणारी माणसं मी पूर्वी फक्त सरकारी कचेरीत पाहिली होती. आम्हीही बसून पाहिलं. सूर्य वर आला होता, वारा छान होता, पाणी चमकत होतं. साडूभाऊंनी घड्याळ पाहिलं. मेव्हणीने विचारलं, "झालं ना बघून?" मेहुणा म्हणाला, "आता काय?"

हा 'आता काय' फार वाईट. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला सुट्टीतही पहाटे पाचला जाग येते, आणि आल्यावर गाडी नाही हे कळलं की तो सैरभैर होतो. शेवटी मेव्हणीने कागदावर टाइमटेबल मांडलं : साडेसहा चालणे, सव्वासात चहा, आठ गोड्या पाण्याचं तळं, सव्वानऊ परत, नंतर 'रिलॅक्स', कंसात चाळीस मिनिटं. रिलॅक्सच्या चाळीस मिनिटांत खोलीसमोरच्या दोन माडांना नायलॉनची दोरी बांधून ओले कपडे वाळत घातले. दोरी आणि चिमटे अर्थातच घरून आणले होते. खोलीचं भाडं 'सी व्ह्यू' म्हणून जास्त होतं. दोरी बांधल्यावर त्या व्ह्यूमध्ये साडूभाऊंचे तीन बनियन आणि मधल्या फटीतून थोडा अरबी समुद्र उरला.

संध्याकाळी सूर्यास्ताला तिथे ढोल घेऊन गोल करून वाजवायची पद्धत आहे. जेंबे, डफली, बासरी, जे हाती येईल ते. साडूभाऊ कल्याणच्या एका ढोलताशा पथकात होते. दहा मिनिटं त्यांनी सोसलं. मग आत घुसून एका जटाधारी जर्मनाला ठेका चुकतोय हे हातवाऱ्यांनी समजावलं. अंधार पडायच्या आत तो संपूर्ण गोल गणपती विसर्जनाच्या तालावर आला होता. आमच्यातला समुद्रावर खऱ्या अर्थाने यशस्वी झालेला माणूस तो एवढाच.

सर्फिंग शिकवणारा मुलगा हरमलचाच. वडील रापणीवर. उन्हाने आणि मिठाने केसांची टोकं तांबूस झालेली, दंड माझ्या मांडीएवढे, बोलणं कोकणी आणि मराठीच्या मधलं. त्याने आधी एक फॉर्म दिला. पोहता येतं का? येतं (डोंबिवलीच्या तरण तलावात, शालेय जीवनात). काही आजार? इथे आम्हा तिघांना जागा कमी पडली, मागच्या बाजूला लिहावं लागलं. पूर्वानुभव? मेहुण्याने 'नाही' लिहिलं. साडूभाऊ विचारात पडले.

"म्हणजे बघा, महाराजांनी १६५७ ला कल्याण घेतलं आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, आमच्या खाडीत, आरमाराची जहाजं बांधायला घेतली. आरमाराची सुरुवात आमच्याकडची."

"हो, पण तुम्ही?"

"मी दुर्गाडीपासून चालत दहा मिनिटांवर राहतो."

मेहुण्याला हे सोसेना. ठाणेकराला कल्याणकराचा इतिहास सोसत नाही. "आमच्याकडे १८५३ ला रेल्वे आली, देशातली पहिली," तो म्हणाला. "आमच्याकडे पुढच्याच वर्षी," साडूभाऊ म्हणाले. डोंबिवलीकर म्हणून मी यात साहित्य संमेलन घुसवणार होतो, २०१७ चं, नव्वदावं. पण तो मुलगा तिष्ठत उभा होता.

मग साडूभाऊंनी दर विचारला आणि नेहमीचा प्रश्न केला, "तिघांचं मिळून किती?" घासाघीस बरीच झाली. फळीवर उभं राहता आलं नाही तर अर्धे परत, हा त्यांचा प्रस्ताव मात्र मुलाने हसून नाकारला. त्याच्या हसण्यात दूरदृष्टी होती.

अंगाला चिकटणारा, लांब बाह्यांचा तो सदरा मिळाला. आमच्या मापाचा शोधायला तो दोनदा आत जाऊन आला. साडूभाऊंनी आत बनियन घातलाच. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत पैसे, आधारकार्ड आणि रिझर्व्हेशनचा कागद. चष्म्याला दोरी. फळीचं एक टोक घोट्याला बांधतात, त्याची दोरी वेगळी. "म्हणजे तुम्ही हरवलात तर निदान फळी सापडेल," सौ.ने समाधान व्यक्त केलं.

शिकवणी वाळूवर सुरू झाली. नऊ फुटी फळी. शिकाऊ माणसाला फोमची देतात, कारण ती डोक्यात बसते तेव्हा कमी लागते, हे त्याने फार प्रेमाने सांगितलं. पालथं झोपायचं, हातांनी वल्हवायचं, छातीखाली तळवे टेकायचे, आणि एका झटक्यात उभं राहायचं. एका झटक्यात! गेली दहा वर्षं मी सोफ्यावरून सुद्धा तीन हप्त्यांत उठतो. मेहुण्याने मधल्या काळात इतिहास ऐकवला. हवाई बेटांवर राजेलोक हा खेळ खेळत, त्यांच्या फळ्या सामान्य माणसापेक्षा लांब असत. तिथल्याच ड्यूक कहानामोकू या माणसाने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं आणि मग सर्फिंग जगभर नेलं. हे सगळं तो पालथा पडून सांगत होता. सोयीचं होतं, उठायची वेळ येत नव्हती.

मग आली पायाची परीक्षा. फळीवर कोणता पाय पुढे ठेवायचा हे माणसागणिक बदलतं. ते ओळखायची युक्ती अशी, की माणसाला बेसावध उभं करून मागून हलकेच ढकलायचं. जो पाय आपसूक पुढे पडतो, तो पुढचा. जगभर चालते म्हणे ही युक्ती. त्या मुलाने मला ढकललं. माझा एकही पाय पुढे पडला नाही. दोन्ही कोपरं बाहेर आली, छाती फुगली, आणि तोंडातून निघालं, "ओ भाऊ, धक्का कशाला मारताय? पुढे जागा आहे का?"

त्याने साडूभाऊंना ढकललं. "कळव्याला उतरायचंय," साडूभाऊ म्हणाले.

मुलगा बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. पंचवीस-तीस वर्षं आठ-सव्वाआठच्या फास्टने गेलेल्या माणसाला मागून ढकललं की काय होतं, याचा अभ्यास त्यांच्या प्रशिक्षणात नसावा. उलट मला तर वाटत होतं की आम्हाला हे जमणारच. हलत्या फळीवर तोल सांभाळणं म्हणजे आमच्यासाठी रोजचं काम. एका पायावर मुलुंडपर्यंत गेलेली माणसं आम्ही. लाट म्हणजे अशी काय मोठी? ती येताना दिसते, वेळेवर येते, आणि तिच्यातून कोणी उतरत नाही.

वेळेचं तर विशेषच. त्या मुलाच्या मोबाइलमध्ये लाटांची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वारा, भरती-ओहोटी सगळं दिसत होतं. लोकलच्या वेळा सांगणारं आमचं एम-इंडिकेटर असतं, तसं हे लाटांचं एम-इंडिकेटरच! आम्ही तिघेही त्याच्यावर तुटून पडलो. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. "उद्या भरती कितीला?" मेहुण्याने विचारलं. मुलगा पडदा सरकवत होता तोवर खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "सव्वाआठ."

मुलाने चमकून पाहिलं. त्याच्या मोबाइलमध्येही जवळपास तेवढेच वाजले होते.

"एकादशी ना उद्या? तिथीची पाऊणपट करायची. अकराचे सव्वाआठ. इतकंही शिकवत नाहीत का तुम्हाला?" मग त्यांनी त्याची चौकशी सुरू केली. आजोळ कुठलं? रेडी? गणपतीच्या देवळाकडून की खाणीकडून? अमक्यांच्या तमक्या तुझ्या कोण? पाचव्या मिनिटाला त्याची आजी आणि सासूबाईंची मावशी एकाच घरात दिलेल्या निघाल्या. तेव्हापासून तो आम्हाला ओरडायचा तर नात्याने ओरडायला लागला, आणि दरात जी सूट साडूभाऊंच्या घासाघिशीला मिळाली नव्हती ती आपोआप मिळाली. फळीबद्दल मात्र सासूबाईंचं मत बदललं नाही. "आमच्याकडे होडी पाण्यात घातली तर मासे घेऊन येते. ही फळी काय घेऊन येते?"

ती काय घेऊन येते ते शुक्रवारी सकाळी, भरती उतरायला लागल्यावर, कळलं. ती वाळू घेऊन येते. नाकात, कानात, बनियनमध्ये. मेहुणा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्हाला समजावत होता की लाटेत पाणी पुढे जात नाही, जाते ती फक्त ऊर्जा. आणि लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की ती मोडते, म्हणजे आत्ता आपण उभे आहोत तिथे ती... पुढचं वाक्य ऊर्जेने पूर्ण केलं. तो वर आला तेव्हा किनाऱ्याकडे तोंड करून आणखी कोणाला तरी समजावत होता.

खरी अडचण वेगळीच होती. लाटा एकामागून एक येतात. त्यांतली योग्य निवडायची आणि बाकीच्या सोडायच्या, हा या विद्येचा गाभा. मुलगा माझ्या फळीचं शेपूट धरून मागे उभा. लाट आली की मी हात मारायला लागायचो.

"ही नको, काका. ही सोडा. मागची चांगली आहे."

आता सांगा, कोणता डोंबिवलीकर यावर विश्वास ठेवील? 'मागची रिकामी आहे' हे वाक्य मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून आयुष्यभर ऐकत आलो आहे, आणि ते नेहमी आत चढलेला माणूस दारात लटकून बाहेरच्याला ऐकवतो. त्यावर भरवसा ठेवलेले काही सज्जन अजूनही तिथेच उभे असतील. तेव्हा समोर आलेली लाट, कशीही असो, भरलेली असो, फुटकी असो, घ्यायची. मी ती घ्यायचो. ती मला घ्यायची. मग मी पाण्याखालून त्या मुलाचे पाय बघायचो, आणि ते पाय नेमके त्या 'मागच्या' लाटेसाठी सरसावलेले असायचे, जी खरोखरच चांगली असायची.

"काका, रावात ना! घाई कशाला? लाटा संपत नाहीत."

"मेगाब्लॉक असला तर?" मी म्हणालो. त्याला कळलं नाही. सुखी माणूस.

दुसरा नियम आणखी कठीण : एका लाटेवर एकच माणूस. ज्याच्याजवळ लाट आधी उचलते त्याचा हक्क, बाकीच्यांनी थांबायचं. त्या बाजूला रशियन, फ्रेंच, बंगळुरूची आयटीतली पोरं, सगळी पाण्यात ओळीने बसून एकमेकांना वाट देत होती. कोणी लाट घेतली की उरलेले त्याच्याकडे कौतुकाने बघत. हे आम्हाला इतकं अनैसर्गिक वाटलं की काही वेळाने एक बरीशी लाट येताना दिसताच मी, मेहुणा आणि साडूभाऊ तिघेही एकदमच निघालो. लाटेवर आधीच एक उंच रशियन बाई उभ्या होत्या. त्या काहीतरी ओरडल्या. साडूभाऊ पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "थोडं सरका ना, मॅडम. तिघांची जागा आहे."

चार फळ्या, चार माणसं आणि एक रशियन शिवी एकत्रच किनाऱ्याला लागली. बाईंनी आमच्याकडे जे पाहिलं त्यावर साडूभाऊंनी अत्यंत समंजसपणे उत्तर दिलं, "ॲडजस्ट करायला पाहिजे. आम्ही चौथ्या सीटवर जन्म काढलाय." त्यानंतर मुलाने आम्हाला लांब, जिथे कोणीच नव्हतं तिथे नेलं. मोठ्या संघाला सरावासाठी वेगळं मैदान देतात, असं घरी फोनवर सांगण्यात आलं.

लाटांबद्दलही एक सांगितलं पाहिजे. डिसेंबरात हरमलचा समुद्र शहाणा असतो. शिकाऊ लोकांसाठी तोच मोसम. शुक्रवारी ज्या लाटांनी आम्हाला लोळवलं त्या माझ्या कमरेलाही लागत नव्हत्या. दुपारच्या जेवणाला मेहुणा त्या छातीएवढ्या होत्या म्हणाला. रात्री कल्याणला फोन झाला तेव्हा त्या साडूभाऊंच्या डोक्यावरून जात होत्या. त्याच वेळी सौ. आपल्या मैत्रिणीला सांगत होती की समुद्र अगदी ठाण्याच्या मासुंदा तलावासारखा आहे, ह्यांनाच उभं राहता येत नाहीये.

शनिवारी सकाळी शेवटचा तास. द्वादशी, म्हणजे नऊची भरती. आम्ही दहानंतर पाण्यात उतरलो. साडूभाऊ आले नाहीत. संध्याकाळची गाडी होती आणि चार्ट लागायची वाट बघायला कोणीतरी किनाऱ्यावर हवं, असं कारण होतं. मेहुण्याची मान अवघडली होती. तो पाण्यात आला, पण फळी ठेवून.

मुलाने शेपूट धरलं. लाट आली. "ही सोडा." मी दात-ओठ खाऊन सोडली. ती पुढे जाऊन सुंदर मोडली आणि माझ्या काळजात कळ आली. दुसरी आली. "ही पण." सोडली. तिसरी आलीच नाही. पाणी सपाट झालं. म्हणजे बघा! मी वळून त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने कोपरला बंद पडलेल्या लोकलमधला माणूस मोटरमनच्या दिशेने बघतो. तो शांत. तो कुठे तरी क्षितिजाकडे बघत शीळ घालत होता.

"आली, काका. आता! मारा हात! उबे रावात!"

मी हात मारले. मागून काहीतरी उचलल्यासारखं झालं. तळवे टेकले. गुडघे कुरकुरले, एक आधी, दुसरा त्याच्या मागून, आणि मी उभा होतो. खरोखर उभा. फळी सळसळत किनाऱ्याकडे निघालेली, पाय वाकलेले, डोळे समोर. फक्त उजवा हात आपोआप वर गेला होता आणि कडी शोधत होता. कडी नव्हती. तरी मी पडलो नाही.

आणि किनाऱ्यावरून एकच जल्लोष उठला. साडूभाऊ दोन्ही हात वर करून नाचत होते, मेव्हणीने सौ.ला मिठी मारली, मेहुणा मान विसरून पाण्यातून त्यांच्याकडे धावला, सासूबाईंनी देवाला हात जोडले. मला भरून आलं. इतकी वर्षं ही माणसं माझ्याबद्दल जे काही बोलत आली ते सगळं मी त्या क्षणी माफ केलं. वर असलेला हात हलवून मी अभिवादन स्वीकारलं, आणि अर्थातच पडलो.

वाळू थुंकत बाहेर आलो. "पाहिलंत ना? कसा उभा होतो!"

"कधी?" सौ. म्हणाली.

"चार्ट लागला!" साडूभाऊंनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "सहाच्या सहा कन्फर्म! एकाच डब्यात!"

"आणि माझं?"

जरा शांतता झाली. "तुमचं आरएसी. साइड लोअर, अर्धी." मग मेहुणा पुढे झाला, माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पण भावोजी, बसून! थिवीपासून थेट ठाण्यापर्यंत बसून!" त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की मी पुन्हा एकदा हात वर केला.